गाठ कातडीवर, मग सोनोग्राफी कशाला?

त्वचेवरची गाठ नेमकी कसली हे कळेना की त्वचारोगतज्ज्ञ हल्ली सोनोग्राफी लिहून देतात. त्याबद्दल वाचकांची बरीच पत्रे आली. निवडक प्रश्नांना त्वचारोग, रेडिओलॉजी आणि पॅथॉलॉजी या तिन्ही शाखांतल्या तज्ज्ञांनी मिळून उत्तरे दिली आहेत. ज्यांनी फोटो पाठवले त्यांना एकच सांगणे : फोटोवरून गाठीचे निदान होत नाही, त्यामुळे फोटोंना उत्तर दिलेले नाही.

प्रश्न : वडिलांचे वय ७१. गालावर तांबूस-जांभळी, न दुखणारी गाठ दोन महिन्यांत वाटाण्याएवढी झाली. डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली. जवळच्या सेंटरवर केली, तर रिपोर्टमध्ये 'विशेष काही आढळले नाही' असे आहे. गाठ तर डोळ्यांना दिसते! आता काय समजायचे? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : समजायचे एवढेच की बहुधा प्रोब, म्हणजे यंत्राचा अंगावर फिरवायचा भाग, चुकला. आवाजाच्या लहरी शरीराच्या मऊ भागातून सेकंदाला साधारण १५४० मीटर वेगाने जातात. पोटासाठी वापरतात त्या ३.५ मेगाहर्ट्झच्या प्रोबमध्ये एका लहरीची लांबी ०.४४ मिलिमीटर भरते. त्वचेची एकूण जाडीच बहुतेक ठिकाणी १ ते ४ मिलिमीटर, आणि पापणीवर तर एकाहून कमी. इतक्या मोठ्या मापाने एवढी बारीक गोष्ट मोजता येत नाही. शिवाय पोटाच्या प्रोबला अगदी जवळचे, पहिल्या काही मिलिमीटरमधले नीट दिसतच नाही आणि गाठ नेमकी तिथेच असते.

१५ मेगाहर्ट्झला लहरीची लांबी ०.१ मिलिमीटर होते, २२ ला ०.०७ आणि ७० मेगाहर्ट्झच्या खास यंत्रात ०.०२ च्या आसपास. त्याची किंमत खोलीत मोजावी लागते. जितकी फ्रिक्वेन्सी जास्त तितके बारीक दिसते, पण तितके वरवरचे. म्हणून त्वचेच्या सोनोग्राफीसाठी २०१६ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत किमान १५ मेगाहर्ट्झची अट आहे. थायरॉइड किंवा स्तनांच्या तपासणीसाठी बऱ्याच सेंटरवर १२ ते १८ मेगाहर्ट्झचा सरळ, सपाट प्रोब असतो. फोन करून विचारताना 'त्वचेची सोनोग्राफी करता का' असे विचारू नका, उत्तर 'हो' असेच येईल. 'लिनिअर प्रोब किती मेगाहर्ट्झचा आहे, आणि त्वचेच्या गाठी नेहमी पाहणारे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात' असे विचारा.

वडिलांच्या बाबतीत मात्र पुन्हा सोनोग्राफीच्या नादात आठवडे घालवू नका. उतारवयात, उन्हात राहणाऱ्या त्वचेवर, न दुखता भराभर वाढणारी तांबूस-जांभळी गाठ म्हटली की यादीत मर्केल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कर्करोगही धरावा लागतो. आपल्याकडे तो फार विरळ आहे, पण लसिका ग्रंथींत (लिम्फ नोड) लवकर पसरतो. चांगल्या प्रोबने तो डर्मिसमध्ये, म्हणजे त्वचेच्या आतल्या जाड थरात, काळसर, भरीव आणि तळाकडून रक्तवाहिन्या शिरलेला दिसतो. पण असे दिसणारे इतर आजारही आहेत. बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणे, याच आठवड्यात करून घ्या. सोनोग्राफी त्याआधी झाली तर उत्तम, आणि त्यात कानापुढच्या व मानेच्या ग्रंथीही पाहायला सांगा.

प्रश्न : वय ३४. खांद्याजवळ छातीवर पाच वर्षांपासून घट्ट, तांबूस चट्टा आहे. केलॉइड (वाढलेला व्रण) म्हणून चार वेळा स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले, फरक शून्य. आता नव्या डॉक्टरांनी केलेल्या सोनोग्राफीत 'चरबीत बोटांसारखे फाटे' असे लिहिले आहे आणि खोल बायोप्सी सांगितली आहे. घाबरण्यासारखे आहे का? — एक वाचक, हडपसर

उत्तर : नव्या डॉक्टरांची शंका रास्त आहे. त्या शंकेचे नाव डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्युबरन्स. नाव लांबलचक असल्याने सगळे डीएफएसपी म्हणतात. साधारण विशी ते पन्नाशीत, बहुतेकदा धडावर आणि खांद्याच्या भागात होणारा, वर्षानुवर्षे हळू वाढणारा हा अर्बुद (ट्यूमर) आहे. दूरच्या अवयवांत तो क्वचितच जातो. त्याचा त्रास वेगळाच : वरून नाण्याएवढा दिसतो आणि खाली चरबीत फाटे फोडून बसतो. वरचे काढले की खालचे राहते आणि काही वर्षांनी त्याच जागी पुन्हा उगवते.

केलॉइड मुख्यतः डर्मिसमध्येच राहतो. सोनोग्राफीत तो जाड झालेल्या थरासारखा दिसतो आणि खालची चरबीची रेघ बऱ्यापैकी शाबूत असते. डीएफएसपीत वरचा भाग काळसर दिसतो आणि त्यातून चरबीत लांबट फाटे उतरतात. छत्रीखाली शुंडके लोंबणाऱ्या जेलीफिशसारखे हे चित्र असते. ते ओळखीचे असले तरी पुरावा नव्हे. आधीच्या इंजेक्शनांचाही घोळ असतो. ट्रायअॅमसिनोलोन या स्टेरॉइडचे कण त्वचेत साचले तर पांढरे ठिपके दिसतात, त्यामुळे इंजेक्शन किती आणि केव्हा घेतले याची यादी सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांकडे द्या.

'खोल बायोप्सी' या दोन शब्दांत सगळे आले. वरवर खरवडून घेतलेला तुकडा, किंवा चरबीपर्यंत न पोचलेला पंच (गोल पात्याने काढलेला तुकडा), यात फक्त वरचा थर येतो आणि रिपोर्ट 'डर्मॅटोफायब्रोमा' किंवा 'व्रणाची ऊती' असा निरुपद्रवी येऊ शकतो. तुकड्यात चरबी असलीच पाहिजे. कुठून घ्यायचा हे सोनोग्राफीवर ठरवून मार्करने खूण करता येते. पॅथॉलॉजीत सीडी ३४ हा रंग बहुधा पॉझिटिव्ह येतो. तरीही शंका राहिली तर १७ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांतली अदलाबदल तपासतात. ही तपासणी सगळीकडे होत नाही, पण ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी पाठवून दुसरे मत घेता येते. म्हणून ब्लॉक आणि स्लाइड कुठे ठेवल्या आहेत ते आत्ताच विचारून ठेवा.

निदान पक्के झाले तर शस्त्रक्रियेत सगळ्या बाजूंनी साधारण २ ते ३ सेंटिमीटर निरोगी त्वचा आणि खाली स्नायूवरचे आवरण घेऊन काढतात, किंवा मोह्‌ज पद्धतीने थरथर काढत प्रत्येक थराच्या कडा मायक्रोस्कोपखाली तपासतात. गाठ मोठी असेल, पूर्वी काढूनही परत आली असेल किंवा स्नायूला चिकटली असेल तर एमआरआय हवा. तिथे सोनोग्राफी पुरी पडत नाही, कारण रुंद गाठीची एक कड प्रोबच्या बाहेर राहून जाते. आणि एक : 'आधी छोटे ऑपरेशन करून पाहू' याला होकार देऊ नका. पहिले ऑपरेशन हीच सगळ्यात चांगली संधी असते.

प्रश्न : आईच्या टाचेवर काळा डाग आहे. कुरूप समजून मलम लावले, ब्लेडने कापूनही झाले. आता तिथून पाणी येते आणि जांघेत अवधाण आले आहे. सोनोग्राफीत किती खोल गेले ते कळेल ना? — एक वाचक, जुन्नर

उत्तर : आधी ब्लेड बंद. गोऱ्या देशांत मेलॅनोमा, म्हणजे रंगद्रव्याच्या पेशींचा कर्करोग, बहुधा उन्हाने भाजलेल्या अंगावर होतो. आपल्याकडे तळपाय, तळहात आणि नखाखाली होणारा प्रकार त्यातल्या त्यात जास्त दिसतो आणि तो कुरूप, जखम किंवा नखात साकळलेले रक्त समजून महिनोन्‌महिने राहतो. आईला मेलॅनोमाच आहे असे आम्ही म्हणत नाही. पण तो नाही हे सिद्ध होईपर्यंत आहे असे धरून चाला.

सोनोग्राफीला रंग दिसत नाही. डागातले रंगद्रव्य तिला कळत नाही, फक्त वरच्या पातळ थरापुरता असलेला मेलॅनोमाही कळत नाही, आणि ०.१ मिलिमीटरहून लहान गोष्टी निसटतात. डागाच्या रेषांची ठेवण पाहायला डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणारे भिंग, लागतो. सोनोग्राफी उपयोगी पडते ती पुढे. गाठीची जाडी मोजता येते, पण गाठीखालच्या सुजेचा भागही त्यात धरला जातो, म्हणून मापात थोडी वाढ येते. शेवटचे माप पॅथॉलॉजिस्टचे. त्या मापावर पुढचे सगळे ठरते : जाडी १ मिलिमीटरपर्यंत असेल तर कडेने १ सेंटिमीटर घेतात, २ मिलिमीटरहून जास्त असेल तर २ सेंटिमीटर. जाडी ०.८ मिलिमीटरच्या पुढे गेली किंवा जखम झाली असेल तर पहिल्या लसिका ग्रंथीची तपासणी, म्हणजे सेंटिनल नोड बायोप्सी, विचारात घेतात.

जांघेतले अवधाण मात्र आत्ताच सोनोग्राफीने पाहण्यासारखे आहे. निरोगी ग्रंथी घेवड्याच्या दाण्यासारखी लांबट असते आणि मध्ये चरबीचा पांढरा ठिपका असतो. ती गोल झाली, मधला पांढरा भाग पुसला गेला, कडेचा काळा थर एकाच बाजूला जाड झाला, रक्तवाहिन्या देठाऐवजी कडेने शिरू लागल्या, की संशय घ्यायचा आणि त्याच बैठकीत सोनोग्राफीत पाहत सुईने नमुना घ्यायचा. तळपायाच्या जखमेत पू झाल्यानेही अवधाण येते, हे खरे आहे, आणि म्हणूनच सुईशिवाय निकाल लागत नाही. तळपायासाठी जांघेबरोबर गुडघ्यामागची खोबणही पाहायला सांगा. टाचेच्या बाहेरच्या बाजूची लसिका तिकडेही जाते, आणि ही जागा तपासणीत हमखास राहून जाते. उलट बाजूने, ग्रंथी स्वच्छ दिसल्या म्हणून सेंटिनल नोड बायोप्सी टाळता येत नाही. सूक्ष्म पेशी सोनोग्राफीत दिसत नाहीत.

डागाची बायोप्सी खरवडून नको. लहान असेल तर कडेने १ ते ३ मिलिमीटर घेऊन पूर्ण जाडीने काढतात. मोठा असेल तर सर्वांत जाड भागातून पूर्ण जाडीचा तुकडा घेतात. जाड भाग कुठला हे सोनोग्राफी सांगते. जुन्नरहून येणार असाल तर त्वचा, रेडिओलॉजी, सर्जरी आणि पॅथॉलॉजी एका आवारात असलेले ठिकाण बरे पडेल. सरकारीत पुण्याचे ससून रुग्णालय आहे.

प्रश्न : उजव्या हाताच्या अनामिकेच्या नखाखाली दोन वर्षे कळ येते. डिसेंबरात सकाळी थंड पाण्यात हात घातला की जीव जातो. एक्स-रे नॉर्मल. मानेच्या नसेचा दोष म्हणून व्यायाम दिले. — एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : कळ, बोट लावताच असह्य होणारी एकच जागा आणि थंडीने वाढणारे दुखणे हे तिन्ही एकत्र असतील तर मान सोडा, नख पाहा. नखाखाली होणारा ग्लोमस ट्यूमर असाच वागतो. तो निरुपद्रवी असतो, बहुधा काही मिलिमीटरचा, पण माणसाला रडवतो.

घरी करता येईल अशी चाचणी : बॉलपेनच्या टोकाने नखावर थोडे थोडे अंतर सोडून हलके दाबा. एकाच ठिकाणी कळ आली आणि शेजारी मिलिमीटरवर काही नाही, तर ती जागा डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात हात वर करून रक्तदाबाचा पट्टा फुगवतात. रक्तपुरवठा थांबल्यावर त्याच जागी दाबूनही कळ आली नाही, तर संशय पक्का होतो.

सोनोग्राफीला जाताना नेलपॉलिश काढून जा आणि हात गरम ठेवा. गार हाताच्या रक्तवाहिन्या आकसतात, डॉपलरवर, म्हणजे सोनोग्राफीतल्या रक्तप्रवाहाच्या तपासणीत, काही दिसत नाही आणि 'नॉर्मल' असा रिपोर्ट हाती येतो. नखासाठी हॉकी स्टिकच्या आकाराचा छोटा प्रोब असेल तर उत्तम. नखाखाली काळसर गोल ठिपका, त्यात भरपूर रक्तप्रवाह आणि खालच्या हाडावर वाटीसारखा खोलगटपणा दिसला की सर्जनला जागा मिळाली. हाडाचा हा खोलगटपणा समोरून काढलेल्या एक्स-रेत कधीकधी दिसत नाही, बाजूने काढलेल्यात दिसतो. २-३ मिलिमीटरचा ठिपका सोनोग्राफीत सुटला तर एमआरआय करतात. गाठ पूर्ण निघाली की दुखणे जाते. पुन्हा दुखू लागले तर बहुधा काही भाग राहिलेला असतो. दोन-तीन बोटांत अशा गाठी असतील आणि अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग असतील, तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस या जनुकीय आजारासाठी तपासणी करून घ्या.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलीच्या गालावर खड्यासारखी टणक गाठ आहे. 'चरबीची गाठ' असे सांगितले आहे. — एक वाचक, चिंचवड

उत्तर : चरबीची गाठ मऊ असते, खड्यासारखी नव्हे. या वयात, चेहरा-मानेवर, टणक म्हणजे पायलोमॅट्रिक्सोमा आधी आठवावा. केसांच्या मुळाशी होणारी ही निरुपद्रवी गाठ आहे. सोनोग्राफीत बाहेर काळी कड, आत पांढरा गाभा, त्यात चुन्याचे ठिपके आणि मागे सावली दिसते. कधी तिच्यात रक्तप्रवाह इतका असतो की रक्तवाहिन्यांची गाठ वाटावी. पिळू नका, फोडू नका.

प्रश्न : आजींच्या पापणीवर एकाच जागी तिसऱ्यांदा रांजणवाडी आली आहे. सोनोग्राफीची गरज आहे? — एक वाचक, कॅम्प

उत्तर : गरज बायोप्सीची आहे. साठीनंतर त्याच जागी परत परत येणारी गाठ, पापणीचे केस गळणे, कड जाड होणे यात तेलग्रंथींचा कर्करोग लपलेला असू शकतो, आणि तो पाश्चात्त्यांपेक्षा आपल्याकडे जास्त दिसतो. काढलेली प्रत्येक रांजणवाडी पॅथॉलॉजीला पाठवायला सांगा. सोनोग्राफी केलीच तर डोळा मिटून, भरपूर जेल घालून, यंत्र डोळ्यांच्या सेटिंगवर ठेवून. डोळ्यासाठी ऊर्जेची मर्यादा इतर अवयवांपेक्षा बरीच कमी असते, मेकॅनिकल इंडेक्स ०.२३ च्या आत. त्वचेचे नेहमीचे सेटिंग तिथे चालवायचे नाही.

प्रश्न : मी रेडिओलॉजिस्ट आहे. १८ मेगाहर्ट्झचा प्रोब आहे, तरी त्वचेच्या गाठींचे चित्र मनासारखे येत नाही. त्वचारोगतज्ज्ञांना रिपोर्टमध्ये नेमके काय हवे असते? — बारामती

उत्तर : प्रोब ठीक आहे, बहुधा हात जड पडतो आहे. जेलचा अर्धा ते एक सेंटिमीटर जाड ढीग करा आणि प्रोब त्यावर तरंगता ठेवा, त्वचेला टेकवू नका. करंगळी रुग्णाच्या अंगावर टेकवली की हात स्थिर राहतो. दाबले की लहान रक्तवाहिन्या मिटतात आणि जाडीही कमी मोजली जाते. जेलमधले बुडबुडे हा दुसरा शत्रू : ते पांढरे ठिपके आणि सावल्या देतात आणि चुन्याचे कण असल्याचा भास होतो. बाटली उलटी ठेवत जा. खपली किंवा जाड कातडी असेल तर तिची सावली खालचे सगळे झाकते. डॉक्टरांच्या परवानगीने खपली मऊ करून काढा, नाहीतर तिरक्या कोनातून पाहा. उघड्या जखमेवर निर्जंतुक जेल आणि प्रोबवर आवरण हवेच.

खोली दीड-दोन सेंटिमीटर ठेवा, फोकस अगदी वर. आधी साधे चित्र, दोन्ही दिशांनी, आणि पलीकडच्या बाजूची तीच जागा तुलनेसाठी. कंपाउंड इमेजिंगने चित्र देखणे येते, पण गाठीमागची सावली किंवा उजळपणा पुसट होतो. पाण्याची गाठ की भरीव हे ठरवताना ते बंद करून एकदा पाहा. मग डॉपलर : वेगाची पट्टी सेकंदाला ५ सेंटिमीटरच्या आत, वॉल फिल्टर सर्वांत खाली, रंगाची चौकट गाठीपुरती. गेन इतका वाढवा की रंगांचे शिंतोडे दिसतील, मग शिंतोडे जाईपर्यंत कमी करा. थायरॉइडच्या सेटिंगवर 'रक्तप्रवाह नाही' लिहिले जाते, ते असे.

रिपोर्टमध्ये 'सॉफ्ट टिश्यू लेजन, क्लिनिकल कोरिलेशन' एवढेच लिहून त्वचारोगतज्ज्ञाला काडीचाही उपयोग नाही. लिहायचे ते असे. गाठ कुठल्या थरात आहे : एपिडर्मिस (सर्वांत वरचा पातळ थर), डर्मिस, चरबी की त्याखाली. तीन दिशांची मापे मिलिमीटरमध्ये. कड गुळगुळीत की फाटे. तळाशी कूर्चा, स्नायू किंवा हाड किती अंतरावर. रक्तवाहिन्या शिरा की धमन्या, आणि कुठून शिरतात. चेहऱ्यावर असेल तर जवळची धमनी किती लांब. आणि बायोप्सीसाठी सर्वांत भरीव जागा कोणती, कारण मधला मेलेला भाग घेतला तर पॅथॉलॉजिस्टच्या हाती काही लागत नाही. शस्त्रक्रियेआधी कडा आखत असाल तर रुग्णाला टेबलावर ज्या स्थितीत झोपवणार त्याच स्थितीत आखा. हात वर-खाली झाला की छातीवरची रेघ सरकते.

फुटलेली एपिडर्मॉइड सिस्ट ही नेहमीची फसगत. भोवती सूज आणि रक्तप्रवाह वाढतो, कड तुटते, आणि ती अर्बुदासारखी दिसते. त्वचेपर्यंत जाणारी बारीक नळी आणि मागचा उजळपणा शोधा. दिसले नाही तर शंका तशीच लिहा, निदान ओढूनताणून लिहू नका.

प्रश्न : त्वचेच्या दवाखान्यासाठी मोबाइलला जोडायचा छोटा प्रोब घ्यावा म्हणतो. त्वचेसाठीच असल्याने नोंदणी लागणार नाही ना? — एक त्वचारोगतज्ज्ञ, पुणे

उत्तर : लागते. १९९४ चा गर्भलिंग निदान प्रतिबंध कायदा यंत्र कशासाठी वापरणार हे पाहत नाही, यंत्राने काय करता येते ते पाहतो. जागेची आणि यंत्राची नोंदणी, वापरणाऱ्याची पात्रता आणि दर्शनी भागी सूचनाफलक, सगळे आले. (हा फलक पुणेरी पाटी नव्हे, कायद्याने लावायचा आहे.) विकत घेण्याआधी महापालिकेच्या आरोग्य विभागातल्या समुचित प्राधिकाऱ्याकडे चौकशी करा, विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. शिवाय खिशातल्या बऱ्याच प्रोबची फ्रिक्वेन्सी १५ मेगाहर्ट्झच्या खालीच असते, म्हणजे कटकट सगळी आणि चित्र अपुरे.

प्रश्न : सोनोग्राफी आणि बायोप्सी यांत आधी काय? आणि तुकडा आम्हालाच लॅबमध्ये न्यायला सांगितला आहे. — एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर : आधी सोनोग्राफी. बायोप्सीनंतर साकळलेले रक्त, टाके आणि सूज चित्रात मिसळतात. पण सोनोग्राफीची तारीख लांबची मिळत असेल आणि गाठ वाढत असेल, तर बायोप्सी अडवून धरू नका.

तुकडा १० टक्के फॉर्मेलिनमध्ये हवा, आणि द्रव तुकड्याच्या दहापट. सलाइनमध्ये किंवा साध्या पाण्यात पेशी कुजू लागतात. फ्रिजरमध्ये तर मुळीच ठेवू नका, बर्फाच्या कणांनी पेशी फाटतात. एक अपवाद : लिम्फोमाची (लसिका पेशींच्या कर्करोगाची) शंका असेल तर काही तपासण्यांसाठी ताजा तुकडा लागतो, म्हणून डॉक्टरांना आधी विचारा. बाटलीच्या झाकणावर नव्हे, बाटलीवर नाव, शरीराची जागा आणि बाजू लिहून घ्या. झाकणे अदलाबदल होतात. सोनोग्राफीच्या रिपोर्टची प्रत सोबत द्या. गाठ किती खोल होती हे पॅथॉलॉजिस्टला माहीत असेल, तर वरवरचा तुकडा आला आहे हे त्यांच्या लगेच लक्षात येते आणि ते पुन्हा खोल तुकडा मागवतात.